उसन्याचं मूळ रूप

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, जागा आहे. माणसाने अंग थोडं चोरून घेतलं की जागा होतेच. आज एका राक्षसाची गोष्ट सांगायची आहे. भिऊ नका. हा राक्षस कुठल्या डोंगरात राहिला नाही की त्याने कधी कुणाला खाल्लं नाही. तो एका साध्या माणसाच्या डोक्यात जन्मला, सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत वाढला आणि इस्पितळातल्या एका खाटेशी त्याचं भलं झालं. राक्षसांचंही भलं होतं, बरं का. त्यांच्यावर तर देवाचा डोळा जास्तच असतो, रडक्या पोरावर आईचा असतो तसा. ऐका तर.

ज्याच्या डोक्यात तो जन्मला, त्या माणसाला त्याचे वडील ‘राक्षसवाला’ म्हणत. भाजीवाला असतो, पेपरवाला असतो, तसा आमच्या घरात हा राक्षसवाला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि सांगताना छाती थोडी फुगायची, ती कुणाला दिसू नये म्हणून लगेच खांदे पाडत. धंदा तसा चमत्कारिकच होता. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेलं, कुणी तलवारवाली, कुणी जादूगार, कुणी चोर; आणि एकजण पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसून त्यांना जग सांगतो. समोर पूल आहे, पूल मोडका आहे, पलीकडे कुणीतरी रडतंय, बोला काय करता? तो सूत्रधार. पुढे काय घडायचं ते बोलण्यावर आणि फाशांवर. अशा खेळांची पुस्तकं ती मंडळी छापत, आणि त्या पुस्तकांतले राक्षस हा घडवायचा. त्यांची ताकद किती, सवयी काय, कशाला भितात, कशाने मरतात. त्या खोलीचा एक नियम होता. राक्षस कागदावर उतरायच्या आधी तो ‘बसवायचा’. म्हणजे ज्याने घडवला त्याने पडद्याआड बसून तो सगळ्यांसमोर वठवायचा. राक्षस बोलत असताना कुणीही चहाला उठलं की राक्षस नापास. मग तो कितीही दातांचा असो. खोलीच्या कोपऱ्यात किटली मुद्दाम चढवून ठेवलेली असे, मोहाला जागा असावी म्हणून. आणि त्या दिवशी, दुपारच्या सुमाराला, किटली शिट्टी मारून मारून थकली तरी कुणी उठलं नाही.

राक्षसाचं नाव उसन्या. ज्याचं माणूस हरवलंय त्याच्या दारात हा येतो, हरवलेल्याचं रूप घेऊन, त्याच्याच आवाजात. पुस्तकं काढणाऱ्या मालकीणबाईंनी तलवारवालीचं सोंग घेतलं होतं आणि त्या तलवारवालीचा भाऊ कधीचा लढाईवर गेलेला, परत न आलेला. पडद्याआडून राक्षसवाला हळूच म्हणाला, “ताई, दार उघड ना. पाय भिजलेत माझे.” बस्स, एवढंच. मालकीणबाई एरवी छापखान्यातल्या माणसांना घाम फोडणाऱ्या. त्यांच्या हातातली पेन्सिल तिथेच राहिली. चित्रकारीण ओठ दुमडून बसली. आणि तेवढ्यात गणित्याने, म्हणजे फाशांचे सगळे हिशेब ज्याच्या डोक्यात असत त्या जाड भिंगाच्या गड्याने, टेबलावर थाप मारली. “थांबा! ओळखलं. मी ओळखलं याला.”

“कसं रे?”

“बोलायच्या आधी खाकरतोय. बघा, मघाशी म्हातारा होऊन आला तेव्हा खाकरला, आता भाऊ होऊन आला तेव्हाही खाकरला. खाई त्याला खवखवे!”

सगळे हसले. राक्षसवालाही हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर नुसतंच टांगून राहिलं. आपण खाकरलो हे त्याला ठाऊकच नव्हतं. “झकास खूण आहे की,” गणित्या रंगात आला, “ठेवू या हीच. खाकरलं की घाव. दाराला कान लावून बसायचं, खाकरण्याचा आवाज आला की दार न उघडताच फळीतून तलवार आरपार.” आणि मग तसंच खेळले ते. दाराबाहेर तो खाकरला, आणि तलवार फळीतून गेली, आणि फासे पडले, फारच चांगले पडले. “मेला,” मालकीणबाई म्हणाल्या. चित्रकारिणीने कोरा कागद पुढे ओढला. “हां, आता तो मूळ रूपात येणार ना? सांग, काय दिसतं? मला काढायचंय.” राक्षसवाल्याने तोंड उघडलं. त्याच्यापाशी सांगायला काही नव्हतं. शेपटी नाही, खवले नाहीत, डोळ्यांच्या जागी खाचा नाहीत. पडद्याआड, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, त्याचा हात स्वतःच्या गळ्याशी जाऊन बसला होता.

“अडलं वाटतं घोडं,” गणित्या म्हणाला.

“अडू दे,” मालकीणबाई म्हणाल्या. “कुणी उठलं नाही, राक्षस पास आहे. फक्त मेल्यावर काय होतो तेवढं उद्या संध्याकाळपर्यंत दे, पुस्तक छपाईला जायचंय.” मग वह्या गोळा करता करता, त्याच्याकडे न बघता, “मावशी कशा आहेत?”

“उद्या सकाळी ऑपरेशन.”

“मग आज तू इथे काय करतोयस, बाबा?”

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. मावशीच्या घशात गाठ होती आणि उद्या सकाळी गाठीबरोबर तिचं स्वरयंत्रही जाणार होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढून, बाबांचा हात हातात घेऊन सगळं समजावलं. श्वास घ्यायला गळ्याशी एक छिद्र ठेवावं लागेल, जेवणं होईल, चालणं-फिरणं होईल, पण आवाज राहणार नाही. “तेव्हा जे काही त्यांच्या तोंडून ऐकून घ्यायचं असेल ते ऐकून घ्या,” असं त्या म्हणाल्या होत्या. आणि तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काय ऐकून घ्यायचं? माणसाकडून शेवटचं काही मागायचं म्हणजे भरल्या ताटासमोर एकच घास उचलायची परवानगी मिळाल्यासारखं. कुठला उचलू या घोरातच ताट निवतं. म्हणून तो राक्षस बसवायला आला होता. राक्षस सोपे असतात. निदान आजवर होते.

इस्पितळ दूर नव्हतं. भेटीची वेळ व्हायला अवकाश होता, तो पायीच निघाला. बंद बँकेची पायरी, चपलांचं दुकान, लाकडाच्या वखारीतून येणारा ओल्या भुशाचा वास. आणि त्या वासासरशी, का कोण जाणे, त्याला टेबलाखालची जमीन आठवली. लाकडी फळ्यांची जमीन, फळ्यांच्या फटीत अडकलेले पावाचे कण. तो चार वर्षांचा होता आणि टेबलाखाली बसून होता. आई तापाने गेली होती. ‘गेली’ म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारलं तर मोठी माणसं खिडकीकडे बघत. मग त्याने ठरवलं की आई बोलावील तेव्हाच बाहेर यायचं, आई बोलावील तेव्हाच जेवायचं. बाबा बसचे ड्रायव्हर. एवढी थोरली बस वळणावरून लीलया वळवणारा माणूस, टेबलापुढे गुडघे टेकून बसला होता आणि त्याला एक पोरगं टेबलाखालून बाहेर काढता येत नव्हतं. दूध झालं, पाव झाला, अंडं झालं, दरडावणं झालं, शेवटी बाबांनीच हात टेकले. मावशी आली ती अशा वेळी. आईची धाकटी बहीण. पंधरवड्यासाठी म्हणून आली, एक पिशवी घेऊन. तिचा आवाज बारीक होता. किती बारीक? तर बाबा म्हणत, ही बसमध्ये चढून ‘थांबा’ म्हणाली की पुढच्या चौकातला शिपाई वळून बघायचा. हे बाबा म्हणत. त्याला स्वतःला तो आवाज आठवत नव्हता. प्रयत्न केला तरी आठवत नव्हता. त्याला आठवत होतं ते एवढंच: स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं, दाराआडून भांड्याचा आवाज, मग कुणीतरी खाकरल्याचा आवाज, आणि मग खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, दमलेला, उबदार आवाज, “ठोंब्या, जेवायला ये बघू.”

तो धावला होता. टेबलाची कड डोक्याला लागली तरी धावला होता. आणि दाराआड मावशी होती, आईचा एक बटण तुटलेला लाल स्वेटर अंगात घालून, दोन्ही हातांनी ताटली धरून. रडावं की जेवावं हे त्याला कळेना. त्याने स्वेटरकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं आणि म्हणाला, “परत म्हण.” मावशीने तोंड फिरवलं, खाकरली आणि परत म्हणाली. मग तो जेवला. अशी ती गोष्ट. पुढे पंधरवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं, बाबांनी आणि तिने लग्न केलं, आणि तो आवाज घरात राहिला. पोरं मोठी गमतीची असतात. त्यांना फसवणूक चालते, फक्त ती मन लावून केलेली असावी लागते. दाराआडची आई त्याला पुरेना तेव्हा तो हट्ट धरू लागला: आता पोस्टमन हो! आता वाघ हो! आता वाघाला घाबरलेला पोस्टमन हो! मावशी भाजी चिरता चिरता तोंड फिरवायची, खाकरायची, आणि पोस्टमन व्हायची. तिने त्याला हेडमास्तर दिले, रेडिओवर बातम्या सांगणारा माणूस दिला, चढावर धापा टाकणारा ट्रक दिला, दुपारभर डोळे मिटून बसणारी आणि झोपेत बोलणारी एक चेटकीण दिली. त्याच्या पुस्तकांतल्या राक्षसांपैकी किती तरी त्या स्वयंपाकघरातून निघाले होते, आणि त्या प्रत्येकाच्या आधी ते खाकरणं होतं. देवळाचा पडदा सरकण्याआधी कडी वाजावी तसं. आज त्याने नकळत तेच केलं होतं, आणि गणित्याने त्याला फळीतून तलवार दिली होती.

पण त्याचे पाय जड झाले ते याने नव्हे. गेला सगळा हिवाळा मावशी फोनवर खाकरत होती. फोन उचलायची, खाकरायची, आणि तो हसून म्हणायचा, “बोल, आज कोण?” त्याला वाटे, आता हेडमास्तर येणार. घरात बाबांना वाटे, चाललंय हिचं काहीतरी. आवाज बसला तरी कुणाला नवल नव्हतं, तो आधीपासूनच बसलेला होता. आणि घशात काहीतरी टोचतंय असं तिने एकदा म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले होते, “ट्रक अडकला असेल.” तीही हसली होती. सगळ्या घराने मिळून त्या खोकल्याला खेळ समजून घेतलं. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं नसतं. दुसऱ्या घरी खोकला म्हणजे खोकला असतो. खूण ओळखायची कशी, हे लोकांना पुस्तकातून शिकवणारा माणूस, आणि त्याच्या कानाशी खूण वाजत होती, आणि तो पुढच्या गमतीची वाट बघत होता. आणि आता दुसरं काहीतरी त्याच्या मनात वर येत होतं, बुडी मारलेल्या माणसासारखं, तोंड उघडून. त्याने पोस्टमन मागितला होता, वाघ मागितला होता. ‘आता मावशी हो’ असं त्याने कधीच म्हटलं नव्हतं. तिचा स्वतःचा आवाज त्याने कधी मागितला नाही. आणि उद्या सकाळी, हातमोजे घातलेली माणसं येतील आणि घशातून सगळेच काढून नेतील, हेडमास्तर, चेटकीण, आई. आणि त्या सगळ्यांच्या तळाशी, कुणी न बोलावलेली, एक बारीक आवाजाची मुलगी असेल, तीही जाईल. मेल्यावर तो कोणत्या रूपात येतो? मला काढायचंय. इस्पितळाच्या फाटकाशी त्याने ठरवलं की तेच मागायचं. आणि ठरवलं तशी छाती अशी धडधडू लागली की फाटकावरचा माणूस म्हणाला, “बसा जरा, साहेब. जिने चढून आलात काय?” जिने अजून पुढेच होते.

बाबा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते, दोन्ही हात पुढे, जणू अजून चाक धरलंय. “आलास? जा आत. तुझ्या मावशीने सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलाय. सकाळी सिस्टरला हेडमास्तर करून दाखवला, आता पलीकडच्या खाटेवरची म्हातारी वाघ मागतेय.” मग आवाज खाली आणून, “जेवली नाही मात्र. रात्रीपासून काही द्यायचं नाही म्हणतात, तर ही आत्तापासूनच नको म्हणतेय. सगळी सोंगं आणता येतात रे, भुकेचं नाही आणता येत.” त्यांनी चष्मा काढला आणि स्वच्छ असलेली काच पुसत बसले.

मावशी उशीला टेकून बसली होती. इस्पितळाच्या पांढऱ्या झग्यात ती त्याला फार लहान वाटली. त्याला बघून तिने तोंड फिरवलं, खाकरली, आणि फाटकावरच्या माणसाच्या आवाजात म्हणाली, “पास दाखवा, साहेब.” पण शेवटी शब्द फुटला, आणि खोकला आला, आणि तो लवकर थांबेना. त्याने पाणी दिलं. मग पेला घेऊन त्याने उशाशी झाकून ठेवला. मागायचं ते ओठापर्यंत आलं आणि माणसासारखा माणूस भलतंच बोलून गेला. “मावशी, नवा राक्षस केलाय.”

“कर बाबा. काय करतो?”

लहानपणापासून असंच होतं. पहिली तीच ऐकायची. त्याने सगळं सांगितलं. हरवलेल्या माणसाचं रूप घेतो, दाराशी येतो, हाक मारतो, दार उघडलं की आत शिरून खातो. खाकरण्याचं तेवढं सांगितलं नाही. मावशी भुवया गोळा करून ऐकत होती, दूध नासलंय की काय ते बघताना करायची तशा.

“खातो?”

“खातो.”

“मग एवढा खटाटोप कशाला रे मेल्याने करावा? ताईचा आवाज, दादाचा आवाज, पाय भिजले नि काय काय. दात आहेत ना त्याला? भिंत फोडून खाईल. दार उघडायची वाट बघत थंडीत उभा राहतो म्हणजे त्याला खायचं नाही. त्याला आत यायचंय.”

“मग तो राक्षस कसला?”

“ते तू बघ. राक्षसवाला तू आहेस.” ती हसली. मग झग्याच्या नाडीशी चाळा करत म्हणाली, “मेल्यावर काय होतं त्याचं?”

“तिथेच तर अडलंय. मूळ रूपात आला पाहिजे. मूळ रूप काय ते सुचत नाहीये.” आणि मग, जिन्यावरून पाय घसरावा तसं, त्याच्या तोंडून निघून गेलं, “मावशी, तुझा आवाज ऐकव ना एकदा. तुझा. आईचा नको.”

पलीकडची म्हातारी कुशीवर वळली. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती, पण कुणी अचानक घराचा पत्ता विचारल्यावर माणूस क्षणभर गोंधळतो, तसं काहीसं तिच्या चेहऱ्यावर आलं. “माझा होय?” ती म्हणाली. तिने पाठ सरळ केली, हनुवटी वर केली, लहान मुलं पाठांतराला उभी राहतात तशी. खाकरली. काहीतरी निघालं, पण तो आवाज नव्हता, गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी. पुन्हा प्रयत्न केला. मग हात हलवून तिने नाद सोडला. “गेली रे ती पोरगी. कधी गेली ते मला पण कळलं नाही. फार किरकिरी होती, जाऊ दे.”

“माझ्यामुळे.” तो खाटेच्या कडेला टेकला. “माझ्यामुळे जन्मभर दुसऱ्याच्या आवाजात...”

“कुणाच्या दुसऱ्याच्या?”

“आईच्या.”

“हा?” मावशीने स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं, आणि तिला खरोखरच हसू आलं, खोकला आला तरी ते थांबेना. “अरे ठोंब्या! ताईचा आवाज असा होता होय? ताई बोलायला लागली की चिमण्या गप्प बसायच्या, इतका गोड आवाज. मला सात जन्मांत जमला नसता. पहिल्या दिवशी मी दाराआड उभी राहिले, ताटली घेऊन. म्हटलं, निदान खालच्या पट्टीत तरी बोलावं, भांड्याच्या आवाजात खपून जाईल. तर तू आलास धावत. टेंगूळ घेऊन. आणि म्हणालास, परत म्हण. आता काय परत म्हणणार? जे निघालं होतं तेच परत म्हटलं. ताईचा नव्हता तो, माझा पण नव्हता. तुझ्या पोटात अन्न जावं म्हणून कुठून तरी आला, आणि राहिला. तू ज्याला आईचा म्हणतोस ना, तो त्याच्याआधी कुणाचाच नव्हता.”

खोलीतला प्रकाश तिरपा होऊन खाटेच्या लोखंडी पायावर आला होता आणि तिथे रंगाचा पोपडा निघालेला होता, बोटाच्या पेराएवढा, त्याकडे तो बघत होता. म्हणजे आईचा आवाज त्याच्याजवळ कधी नव्हताच. इतकी वर्षं झोपताना कानाशी धरलेला, आजारपणात आठवलेला, तो हिचाच. एक कप्पा रिकामा झाल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी दुसरा इतका भरला की झाकण बसेना. आई गेली, आज दुसऱ्यांदा गेली. आणि जी कुठेतरी हरवली असं वाटत होतं, ती आयुष्यभर समोर बसून भाजी चिरत होती. “मी तुला कधी आई म्हटलं नाही,” तो म्हणाला. हे तो बोलणार नव्हता.

“मग? बरं केलंस.” मावशीने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. “ताईचं घर, ताईचा नवरा, ताईचा स्वेटर, ताईचं पोर. सगळंच तिचं. तू हाक मारायचास ना, मावशी, तेवढं एकच माझं स्वतःचं होतं. ते पण काढून घेतलं असतंस तर मी राहायचे कुठे?”

बाहेर सिस्टरने भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजवली. तो उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला. “परत म्हण,” तो म्हणाला, आणि आपण चार वर्षांचे झालो आहोत हे त्याचं त्यालाच कळलं.

मावशीने तोंड फिरवलं नाही. घशात खोकला दाटला होता, तो दिसत होता; तिने छातीशी मूठ धरली आणि तो गिळला. मग त्याच्याकडे बघत, अजिबात न खाकरता, म्हणाली, “ठोंब्या, जेवून घे बघू. बाबांना पण घे.” तोच आवाज. खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, दमलेला, उबदार. दार लोटलेलं नव्हतं आणि मध्ये काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. बाबा बाकावर चाक धरून बसले, आणि तो त्यांच्या शेजारी मांडीवर कागद घेऊन बसला. अशा वेळी माणसं नाम घेतात; त्याने काय केलं? उसन्याचा शेवट लिहिला. तेही नामच होतं, असं मला वाटतं. कारण तो लिहीत होता तेव्हा त्याच्या मनात येत होतं: ज्याला रंग नाही, रूप नाही, नाव नाही असं आपण म्हणतो, त्याचीही रूपं किती! मग त्यांतलं खोटं कुठलं आणि मूळ कुठलं? लेकराने हाक मारली, आणि रूप नसलेल्याला रूप घ्यावं लागलं. हाकेला जे धावून आलं, तेच मूळ. त्याच्यामागे दुसरं काही शोधायला जाऊ नये. मागे नुसतं थंडीत उभं राहणं असतं. दुपारी डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सगळं नीट झालं. बाबांनी चाक सोडलं, आणि मग त्यांचे हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना. ते त्याने आपल्या हातात घेतले.

संध्याकाळी बाबांना सांगून तो सायकलच्या दुकानावर गेला आणि उसन्याला पुन्हा बसवलं. किटली चढवली होती. तलवारवालीच्या दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. “चला, घाव!” गणित्याने फासे उचलले. “थांब,” पडद्याआडून राक्षसवाला म्हणाला, आणि तलवारवालीकडे वळला. “खूण तीच. पण आता तुला माहीत आहे की तो तुझा भाऊ नाही, आणि त्यालाही माहीत आहे की तुला कळलंय. तो पळत नाही. बाहेर गारठा आहे. मारलास तर मरतो, लगेच मरतो, त्याला लढता येत नाही.”

“आणि मेल्यावर?” चित्रकारीण म्हणाली.

“काही बदलत नाही. ज्या रूपात आला त्याच रूपात पडून राहतो, भावाच्या. मूळ रूप वेगळं नाही. आणि दार उघडून, ओळखून, तू त्याला आत घेतलंस, त्याला तुझ्या मनाने एखादी हाक मारलीस, तर तो पुन्हा कधीच रूप बदलू शकत नाही. त्या घराचा होतो.”

“हा कसला राक्षस?” गणित्या चरफडला. “याला जिंकायचं कसं? मी गुण कुठे मांडू?” पण फासे त्याने मुठीतच ठेवले. मालकीणबाई दाराकडे बघत होत्या; खरं म्हणजे टेबलाकडे, जिथे दार असल्याचं सगळ्यांनी मानलं होतं. मग त्या तलवारवालीच्या नाही, आपल्याच आवाजात म्हणाल्या, “ये. पाय पूस.” किटली शिट्ट्या मारत होती. कुणी उठलं नाही. शेवटी पाणी आटून ती आपली आपणच गप्प झाली.

मावशीला उठून बसता येऊ लागलं तेव्हाची गोष्ट. तो वॉर्डाबाहेर बाबांशी बोलत होता, आणि आतून आवाज आला. चमचा पेल्यावर वाजवल्याचा. एक ठोका, मग थोडं थांबून दोन जवळजवळचे. त्याने मान वर केली. पुन्हा तसंच. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं, पण ती हाक आहे हे त्याला धावत सुटल्यावर कळलं, आधी नाही. दाराची चौकट खांद्याला लागली तरी तो धावला. गळ्याशी पट्टी, हातात चमचा, समोर वाफाळणाऱ्या सुपाचा वाडगा, आणि डोळ्यांत पोस्टमन, वाघ, ट्रक, सगळे दाटीवाटीने उभे. तिने चमच्याने त्याच्याकडे आणि मग वाडग्याकडे खूण केली: आधी तू. “आलो, मावशी,” तो म्हणाला, आणि खाटेच्या कडेला जेवायला बसला.

झाली गोष्ट. आता उठाल, घरी जाल. देवाच्या कृपेने तुमच्या दाराशीही कुणीतरी येत असेल, आत यायच्या आधी जरा खाकरत असेल. ते ऐकलंत की घटकाभर थांबा, आणि माझ्यासाठी एवढं करा: एक पिशवी घेऊन पंधरवड्यासाठी आलेल्या त्या बारीक आवाजाच्या मुलीची आठवण काढा. तिचा आवाज कसा होता, हे आता सांगणारं कुणी नाही. तेवढी ती तुमच्याजवळ असू द्या.